निर्बंध वाढले तेव्हा रुग्ण वाढले: मुंबईचे आकडे वाचण्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्ही मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२२ या काळातील मुंबईची दैनंदिन करोना रुग्णसंख्या घेतली, तिच्यासमोर ऑक्सफर्ड विद्यापीठाचा निर्बंधांच्या कठोरतेचा निर्देशांक मांडला आणि रिग्रेशन केले, म्हणजे एका राशीबरोबर दुसरी किती बदलते ते समीकरणाने मोजले. उत्तर असे आले की निर्बंध जितके कडक, तितके रुग्ण जास्त. मार्गदर्शकांनी ‘चिन्ह उलटे आले आहे, पुन्हा तपासा’ असे सांगितले, आणि तीन वेळा तपासूनही चिन्ह बदलले नाही. चूक कुठे झाली, निर्बंधांचा खरोखरच उपयोग झाला नाही का, आणि सरकारी धोरणाचा साथीच्या प्रसारावरील परिणाम मोजण्याची योग्य रीत कोणती, असे तुम्ही विचारले आहे.

तुमचे गणित चुकलेले नाही. त्या गणिताने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले, तो प्रश्न मात्र तुम्ही विचारलेलाच नव्हता. पावसाळ्यात हिंदमाता चौकात ज्या दिवशी महापालिकेचे जास्त पंप चालू असतात, त्या दिवशी तिथे पाणीही जास्त असते. पंप आणि पाणी यांचा सहसंबंध धनच येईल, आणि त्यावरून पंपांमुळे पाणी तुंबते असे कोणी म्हणणार नाही. निर्बंधांचे आदेश असेच रुग्णवाढ पाहून निघतात. शासन चिठ्ठ्या टाकून तारखा ठरवत नाही; ते आलेख चढताना पाहते, खाटा भरताना पाहते आणि मग आदेश काढते. म्हणून धोरण हे साथीचे कारणही असते आणि परिणामही, आणि या दोन दिशा वेगळ्या केल्याशिवाय कोणताही आकडा बोलका होत नाही.

हे मुंबईच्याच दोन उदाहरणांवर पाहू. दुसऱ्या लाटेत मुंबईत एका दिवसात सर्वाधिक रुग्ण नोंदले गेले ते ४ एप्रिल २०२१ रोजी, ११,१६३. सात दिवसांची सरासरी त्याच आठवड्यात माथ्यावर होती आणि पुढच्या आठवड्यापासून उतरू लागली. आता आदेशांच्या तारखा पाहा. राज्यात रात्रीची जमावबंदी मार्चच्या अखेरीस लागू झाली, ‘ब्रेक द चेन’ या नावाने रात्रीची संचारबंदी व शनिवार-रविवारचा लॉकडाऊन ५ एप्रिलपासून आला, त्याहून कडक निर्बंध १४ एप्रिलच्या रात्री आठपासून लागू झाले आणि २२ एप्रिलपासून ते आणखी आवळले गेले. ज्याने केवळ आदेशाची तारीख आणि आलेख शेजारी ठेवले, त्याला दिसेल की निर्बंध आले आणि रुग्ण घटले. परंतु विषाणूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत त्या काळात साधारण पाच दिवस जात, लक्षणांनंतर चाचणी करायला दोन-तीन दिवस, अहवाल येऊन तो महापालिकेच्या आकड्यात बसायला आणखी एक-दोन दिवस. म्हणजे ४ एप्रिलला नोंदलेले रुग्ण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, होळीच्या आसपास बाधित झालेले होते. नव्या संसर्गाचा माथा १४ एप्रिलच्या आदेशापूर्वी दोन-अडीच आठवडे येऊन गेला होता. त्या आदेशाने मुंबईतील लाट फिरवली हे विधान तारखांच्या कसोटीवरच टिकत नाही. त्या आदेशाने उतार अधिक तीव्र झाला का, हा मात्र वेगळा आणि पूर्ण वैध प्रश्न आहे, आणि लाट फिरणे व उतार तीव्र होणे यांत गल्लत करणारे लेख मी आजवर इतके वाचले आहेत की आता मी प्रथम तारखाच तपासतो.

तिसऱ्या लाटेत हेच पुन्हा घडले. ओमायक्रॉनच्या काळात मुंबईचा सर्वोच्च दैनंदिन आकडा ७ जानेवारी २०२२ रोजी २०,९७१ होता, आणि राज्याची नवी रात्रीची संचारबंदी १० जानेवारीपासून लागू झाली. त्याच १० जानेवारीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचण्यांबाबत नवी सूचना काढली, तिच्यानुसार बाधितांच्या संपर्कातील लक्षणे नसलेल्या व्यक्तींची चाचणी, त्या वयाने किंवा सहव्याधीने जोखमीच्या गटात नसतील तर, आवश्यक राहिली नाही. शिवाय तोपर्यंत घरी करण्याच्या चाचणीसंचांचा वापर बराच वाढला होता आणि त्यांतील किती निकाल नोंदले गेले हे सांगणे कठीण आहे. म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील घसरणीत संचारबंदीचा वाटा, चाचणीच्या नियमाचा वाटा, घरगुती चाचण्यांचा वाटा आणि आधीच निर्माण झालेल्या प्रतिकारशक्तीचा वाटा असे सगळे मिसळलेले आहे. मोजणाऱ्या यंत्रणेचा नियम ज्या आठवड्यात बदलतो, त्याच आठवड्यात मोजल्या जाणाऱ्या गोष्टीवर धोरण लागू झाले, तर केवळ रुग्णसंख्येवरून त्या धोरणाविषयी काहीही सांगता येत नाही, आणि अशा वेळी रुग्णालयात नव्याने दाखल होणाऱ्यांची संख्या हे अधिक विश्वासार्ह माप ठरते.

तारखांच्या संदर्भात माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तुमच्या डेटामध्येही ती दडलेली असणार. जून २०२० मध्ये एका संस्थेसाठी मी मुंबईतील दैनंदिन मृत्यूंचा आलेख काढत होतो. ‘मिशन बिगिन अगेन’, म्हणजे राज्याचा निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवण्याचा कार्यक्रम, सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि जूनच्या मध्यावर मृत्यूंची एक उंच काठी उभी राहिलेली दिसली. मी टिपण लिहिले की निर्बंध शिथिल करण्याचा परिणाम मृत्यूंवर दिसू लागला आहे. प्रत्यक्षात १६ जून २०२० रोजी राज्याने पूर्वीचे १,३२८ मृत्यू ताळमेळानंतर एकदम आकड्यात घेतले होते, आणि त्यांतील ८६२ एकट्या मुंबईचे होते. ती माणसे त्याआधीच्या आठवड्यांत गेली होती, बहुतेक टाळेबंदीच्या काळातच. टिपण छापण्यापूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘हे मृत्यू कोणत्या दिवसाचे?’ एवढेच विचारले आणि मला ते मागे घ्यावे लागले. तेव्हापासून नोंदीची तारीख आणि घटनेची तारीख यांत फरक करणारा स्तंभ नसलेला डेटा माझ्यासमोर आला, तर मी त्यावर धोरणाचा परिणाम मोजायला सरळ नकार देतो. तुम्हाला शक्य असेल तर लक्षणे सुरू झाल्याची तारीख मिळवा. ती न मिळाल्यास नमुना घेतल्याची तारीख. तीही न मिळाल्यास विलंबाचे वितरण, म्हणजे संसर्गापासून नोंदीपर्यंत किती जणांना किती दिवस लागतात याची विभागणी, धरून नोंदींच्या मालिकेवरून संसर्गाची मालिका अंदाजे उभी करावी लागेल, आणि त्या अंदाजाची अनिश्चितता शेवटपर्यंत सोबत न्यावी लागेल. नुसते आलेख दहा दिवस मागे सरकवणे हा सोपा उपाय वाटतो, पण विलंब प्रत्येकाचा सारखा नसतो, त्यामुळे नोंदींच्या आलेखात तीव्र वळण पसरट होते आणि ते सरकवून पुन्हा तीव्र होत नाही.

रुग्णसंख्या हा परिणामाचा चल, म्हणजे परिणाम जिच्यावर मोजायचा ती राशी, म्हणून घेऊ नये, असेही मी सुचवीन. साथ वाढते ती गुणाकाराने, म्हणून धोरणाचा परिणाम वाढीच्या दरावर किंवा पुनरुत्पादन अंकावर शोधावा. एक बाधित व्यक्ती सरासरी किती जणांना बाधित करते हा तो अंक, आणि आपल्या बोलण्यात तो ‘आर’ म्हणूनच येतो. त्याच्या दैनंदिन अंदाजासाठी २०१३ मध्ये कोरी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत आज बहुतेक ठिकाणी वापरतात. तिचा एक गुण तुमच्या उपयोगाचा आहे: प्रत्यक्ष बाधितांपैकी ठरावीक हिस्साच नोंदला जात असेल, पण तो हिस्सा स्थिर असेल, तर ‘आर’च्या अंदाजावर फारसा परिणाम होत नाही. हिस्सा बदलत असेल, जसा तो जानेवारी २०२२ मध्ये बदलला, तर मात्र अंदाज फसतो. असाच बदल दर आठवड्यातही होई: रविवारी चाचण्या कमी होत आणि सोमवारचा आकडा खाली येई, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता मुख्य अडचणीकडे येतो. परिणाम म्हणजे फरक, आणि फरक कशापासून, हे ठरवल्याशिवाय तो मोजता येत नाही. समजा एका शहरात रोज १,००० रुग्ण सापडत आहेत आणि ते दिवसाला ५ टक्क्यांनी वाढत आहेत. निर्बंध लागू होतात आणि पुढील २१ दिवस संख्या दिवसाला २ टक्क्यांनी घटते. एकविसाव्या दिवशी सुमारे ६५४ रुग्ण असतील. निर्बंध नसते तर वाढ तशीच राहिली असती असे धरले, तर त्या दिवशी सुमारे २,७८६ रुग्ण असते, म्हणजे निर्बंधांनी ७७ टक्के घट केली. पण लोकांनी आसपासची आजारपणे पाहून स्वतःहून घराबाहेर पडणे कमी केले असते आणि संख्या १,००० वर स्थिरावली असती असे धरले, तर तीच घट ३५ टक्के ठरते. आणि लोकांनी इतकी काळजी घेतली असती की संख्या आपोआपच दिवसाला १ टक्क्याने उतरली असती, तर श्रेय उरते केवळ १९ टक्के. मोजलेली मालिका तिन्ही वेळा एकच आहे. बदलले ते फक्त न घडलेल्या गोष्टीविषयीचे गृहीतक. वर्तमानपत्रांत ‘लॉकडाऊनने इतके लाख जीव वाचवले’ असे मथळे येत, तेव्हा बहुतेक वेळा पहिले गृहीतक वापरलेले असे, आणि ‘लॉकडाऊनने काहीच साधले नाही’ म्हणणारे तिसऱ्याकडे झुकलेले असत. कोणते गृहीतक योग्य, हे केवळ आकडे सांगू शकत नाहीत.

लोकांची स्वतःची सावधगिरी ही गौण बाब नव्हे. अमेरिकेत गुल्सबी आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मोबाइल फोनच्या नोंदींवरून, एकमेकांना लागून असलेल्या पण वेगवेगळे आदेश असलेल्या भागांतील दुकानांची वर्दळ तपासली. एकूण ग्राहकांची ये-जा ६० टक्क्यांनी घटली होती, आणि त्यांतील जेमतेम ७ टक्के-अंश, म्हणजे त्या ६० पैकी ७, कायदेशीर निर्बंधांमुळे होते असे त्यांना आढळले. उरलेली घट भीतीची होती. हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे आणू नका. तिथे आदेशाला पोलिसांच्या काठीचा आधार नव्हता, आणि मुंबईत मार्च २०२० मध्ये उपनगरी लोकल सर्वांसाठी थांबल्या. ज्या सेवेतून रोज ७५ लाखांच्या आसपास माणसे जा-ये करत होती, ती बंद झाल्यावर सावध आणि बेफिकीर दोघांनाही घरीच राहावे लागते. तरी मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, टाळेबंदीच्या आधीच, लोकलची गर्दी ओसरू लागल्याचे आपण सर्वांनी पाहिले होते. म्हणून आदेश आणि रुग्णसंख्या या दोन टोकांच्या मधली कडी, म्हणजे लोकांची हालचाल, स्वतंत्रपणे मोजा. गुगलचे हालचालींचे अहवाल ऑक्टोबर २०२२ पर्यंत निघत होते आणि ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा त्यांचा आधारकाळ होता. त्यांत स्थान-नोंद चालू ठेवलेल्या स्मार्टफोनधारकांचेच प्रतिबिंब पडते, ही मर्यादा लक्षात ठेवा. मानखुर्दच्या गल्लीतला मजूर त्यात कमी दिसतो.

इथे ऑक्सफर्डच्या निर्देशांकाविषयी बोलणे आवश्यक आहे. तो शाळा, कार्यालये, सभा, वाहतूक, घरी राहण्याचे आदेश वगैरे नऊ घटकांची ० ते १०० या मापावरील साधी सरासरी आहे. तो तयार करणाऱ्यांनी फार कष्टाने उभा केला आणि जगभरच्या तुलनेसाठी त्याला पर्याय नव्हता. पण तो कागदावरचा आदेश मोजतो, त्याची अंमलबजावणी मोजत नाही, आणि देशाच्या एखाद्या भागात लागू असलेला सर्वांत कडक नियम तो देशाच्या खात्यात धरतो. मार्च २०२० च्या अखेरीस भारताचे गुण १०० होते. ते १०० गुण वाळकेश्वरच्या चार खोल्यांच्या घरालाही होते आणि धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीलाही. ‘घरी राहा’ या आदेशाने पहिल्या ठिकाणी संपर्क तुटतात. दुसऱ्या ठिकाणी सात-आठ माणसे दिवसभर एका छताखाली कोंडली जातात आणि शौचालयासाठी तरीही रांगेत उभी राहतात. जुलै २०२० मध्ये निती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतील तीन वॉर्डांत प्रतिपिंडांचे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण असलेल्या रक्तातील घटकांचे, सर्वेक्षण केले, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली. एकच शहर, एकच आदेश, एकच पोलीस दल आणि संसर्गात साडेतीन पटींचा फरक. मुंबईसाठी एकच आकडा घेऊन परिणाम मोजणे म्हणजे या दोन शहरांची सरासरी काढून तिसऱ्या, अस्तित्वात नसलेल्या शहराविषयी लिहिणे होय.

धारावीचा उल्लेख निघाला की लोक ‘धारावी पॅटर्न’विषयी विचारतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तिथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला, आणि जुलैपर्यंत रोजचे आकडे अगदी थोडे उरले. या काळात घरोघरी तपासणी, ताप दवाखाने, संशयितांचे शाळांत व सभागृहांत विलगीकरण, सार्वजनिक शौचालयांचे दिवसातून अनेकदा निर्जंतुकीकरण, प्रतिबंधित क्षेत्रे, अन्नवाटप, हे सर्व एकदम चालू होते. त्याच काळात अनेक स्थलांतरित कामगार १ मे पासून सुरू झालेल्या श्रमिक विशेष गाड्यांनी गावी गेले, म्हणजे लोकसंख्येचा भाजकच बदलला. शिवाय तीन वॉर्डांतील सर्वेक्षण पाहता, झोपडपट्ट्यांत मोठा संसर्ग नकळत होऊन गेला असण्याची शक्यता आहे. धारावी त्या तीन वॉर्डांत नव्हती, त्यामुळे तो ५७ चा आकडा तिच्यावर लादणेही बरोबर नाही. वॉर्ड कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांनी जीव ओतून काम केले याबद्दल मला शंका नाही. पण त्यांतील कोणत्या उपायाने किती फरक पडला, हे धारावी ज्यात येते त्या जी-उत्तर वॉर्डच्या एका मालिकेवरून वेगळे काढता येणार नाही, आणि जो काढून दाखवतो त्याने मॉडेलमध्ये उत्तर आधीच भरलेले असते.

उपाय एकदम येणे ही जगभरचीच अडचण होती. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाने जून २०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात ११ युरोपीय देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळाबंदी, सभाबंदी, टाळेबंदी असे आदेश बहुतेक देशांत काही दिवसांच्या अंतराने आले होते, आणि मॉडेलने जवळजवळ सर्व श्रेय टाळेबंदीला दिले, कारण ती बहुधा सर्वांत शेवटी आली होती. स्वीडनमध्ये टाळेबंदीच नव्हती. तिथे त्याच मॉडेलला मोठ्या कार्यक्रमांवरील बंदीला अवाजवी श्रेय द्यावे लागले. टीकाकारांनी हेच दाखवून दिले. त्यानंतर ४१ देशांचा अभ्यास आला, त्यात सभांवर दहापेक्षा कमी माणसांची मर्यादा आणि शाळा-महाविद्यालये बंद करणे यांचा परिणाम मोठा दिसला, आणि हे सर्व आधीच लागू असताना घरी राहण्याच्या आदेशाची त्यात पडणारी भर तुलनेने लहान दिसली. पण शाळा आणि महाविद्यालये जवळजवळ सगळीकडे बरोबरच बंद झाल्याने त्या दोहोंचा परिणाम वेगळा करता आला नाही, हे लेखकांनी स्वतःच मान्य केले. हा प्रामाणिकपणा प्रबंधात गुण वाढवतो, कमी करत नाही.

मग तुम्ही काय करावे? माझे मत असे आहे की ‘निर्बंधांचा परिणाम’ हा विषयच सोडून द्यावा आणि एखादा नेमका आदेश, नेमकी जागा आणि जवळजवळ सारखीच दुसरी जागा शोधावी. आपल्या परिसरात अशा संधी आहेत, आणि त्यांचा पुरेसा उपयोग झालेला मला दिसला नाही.

जुलै २०२० पाहा. मुंबईत हळूहळू व्यवहार खुले होत असताना ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी २ जुलैपासून स्वतंत्र टाळेबंदी लावली आणि ती १९ जुलैपर्यंत वाढवली. मीरा-भाईंदरनेही त्याच सुमारास तसेच केले. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की आदेश बदलत होता, पण माणसे, घरे, पाऊस आणि वर्तमानपत्रांतली भीती तीच होती. मुलुंड व भांडुप एका बाजूला आणि ठाण्याचे वागळे, नौपाडा दुसऱ्या बाजूला घेऊन, टाळेबंदीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत त्यांचे वाढीचे दर समांतर होते का हे प्रथम तपासा. समांतर असतील, तर फरकाचा फरक, म्हणजे दोन्ही बाजूंचे दर आधीपेक्षा नंतर किती बदलले यांतील तफावत, हा आदेशाच्या परिणामाचा बऱ्यापैकी अंदाज होईल. धोके दोन आहेत. ठाण्यात वाढ जास्त होती म्हणूनच तिथे टाळेबंदी आली असेल, तर असामान्य उंचीवरून आकडा आपोआपही थोडा खाली येतो. आणि ठाण्याचे लोक खरेदीला मुलुंडला आले असतील, तर तुलनेची जागाच दूषित होते. दुसरा धोका दुकानांच्या वर्दळीवरून तपासता येतो. पहिल्यासाठी त्याच उंचीच्या, पण टाळेबंदी न लागलेल्या दुसऱ्या वॉर्डाची जोड द्यावी लागेल.

दुसरी संधी मला अधिक आवडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये महापालिकेने ठरवले की इमारतीत पाचपेक्षा जास्त रुग्ण असतील तर इमारत सील होईल. म्हणजे पाच रुग्णांची इमारत आणि सहा रुग्णांची इमारत यांत एरवी फार फरक नसताना एक मोकळी राहिली आणि दुसरी बंद झाली. या उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींत पुढील दोन-तीन आठवड्यांत किती नवे रुग्ण सापडले, याची तुलना हे जवळजवळ तयार झालेले प्रयोगाचे रूप आहे. मात्र आपल्या सोसायट्या तुम्हाला माहीत आहेत. पाचवा रुग्ण सापडल्यावर सहाव्याला ‘आता चाचणी नको, घरीच थांबा’ असे सुचवणारे सेक्रेटरी असणारच. म्हणून आधी नेमक्या पाच रुग्णांवर थांबलेल्या इमारतींची संख्या, चार आणि सहांच्या मानाने, संशयास्पद फुगलेली आहे का ते पाहा. फुगवटा असेल तर तुलना बिघडली. जून २०२१ मध्ये राज्याने बाधितांचा दर आणि प्राणवायूच्या खाटांची व्याप्ती यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर केले, तिथेही ५ टक्के, १० टक्के असे उंबरठे होते. पण तिथे स्थानिक प्रशासनाला अधिक कडक राहण्याची मुभा होती, आणि मुंबई आकड्यांनी अधिक शिथिल स्तरासाठी पात्र होऊनही तिसऱ्या स्तराच्याच निर्बंधांत राहिली. त्यामुळे नियमाने ठरलेला स्तर आणि प्रत्यक्ष लागू झालेला स्तर हे दोन वेगळे स्तंभ ठेवा.

कधी कधी तुलना नुसता एक समज खोडून काढण्यापुरतीच उपयोगी असते. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत लोकल सर्वांसाठी खुल्या झाल्या, आणि त्याच महिन्यात मुंबईत रुग्ण वाढू लागले. लोकलमुळे दुसरी लाट आली, हे वाक्य मग नाक्यानाक्यावर ऐकू येऊ लागले. परंतु त्याच फेब्रुवारीत अमरावती आणि अकोल्यात संसर्ग मुंबईहून झपाट्याने वाढत होता, इतका की २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लावावी लागली. अमरावतीत उपनगरी लोकल नाही. लोकलचा वाटा शून्य होता असे यावरून सिद्ध होत नाही, पण राज्यभर एकाच वेळी काम करणारे दुसरे कारण होते, नव्या उत्परिवर्तित विषाणूंचा प्रसार त्यांत होता, हे दिसते.

आणि उलट चूकही तितकीच सोपी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही लसमात्रा घेतलेल्यांना लोकल खुली झाली, आणि पुढचे तीन महिने मोठी लाट आली नाही. यावरून लोकल सुरक्षित ठरत नाही. महापालिकेच्या पाचव्या सर्वेक्षणात, १२ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर २०२१ या काळात, ८६.६४ टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली होती. फेब्रुवारीतील मुंबई आणि ऑगस्टमधील मुंबई रोगप्रतिकाराच्या दृष्टीने दोन वेगळी शहरे होती, आणि एकच धोरण दोन वेगळ्या शहरांत दोन वेगळे परिणाम देते. म्हणून सर्व दोन वर्षांसाठी निर्बंधांचा एकच गुणांक, म्हणजे परिणामाचा एकच आकडा, काढणारे तुमचे सध्याचे समीकरण, चिन्ह सुलट आले असते तरी, मी स्वीकारले नसते.

यादृच्छिक प्रयोग, म्हणजे उपाय कोणाला लागू करायचा हे चिठ्ठीने ठरवणारा प्रयोग, करता आला असता तर हे सारे टळले असते, आणि तो नेहमीच अशक्य असतो असेही नाही. बांगलादेशात ६०० गावांत मास्कच्या वाटप व प्रचाराचा असा प्रयोग झाला. मास्कचा योग्य वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला आणि लक्षणांसह निश्चित झालेला संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला. आकडा लहान वाटतो, पण तो मास्कचा नव्हे, वाटप आणि प्रचाराच्या धोरणाचा परिणाम आहे, कारण निम्म्याहून अधिक लोकांनी तिथेही मास्क लावलाच नव्हता. मुंबई महापालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी मास्क सक्तीचा केला, सर्व वॉर्डांत एकाच दिवशी. आठवड्याच्या अंतराने सहा-सहा वॉर्डांत तो आदेश काढला असता, आणि कोणते वॉर्ड आधी हे चिठ्ठीने ठरवले असते, तर आज आपल्याकडे बरेच चांगले उत्तर असते. त्या वेळी आयुक्तांना असे सुचवण्याचे धाडस माझ्यातही नव्हते.

शेवटी एक तांत्रिक सूचना. त्या काळात महापालिकेचे प्रशासकीय वॉर्ड २४ होते. दोन वर्षांच्या रोजच्या नोंदी घेतल्या की तुमच्याकडे १७,००० च्या वर ओळी होतात आणि संगणक अतिशय अरुंद अनिश्चितता दाखवतो. ती खोटी आहे. आजचा आकडा कालच्या आकड्यातून जन्मतो आणि आदेश वॉर्डागणिक नव्हे तर शहरागणिक येतात, त्यामुळे तुमच्याकडे स्वतंत्र माहिती फार तर काही डझन तुकड्यांची आहे. प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाजाच्या अनिश्चिततेचे माप, वॉर्डनिहाय गटांत काढा, गट थोडे असल्याने त्यासाठीची विशेष दुरुस्ती लावा, आणि आदेशाची तारीख मुद्दाम दोन आठवडे आधीची खोटी धरून तेच समीकरण पुन्हा चालवा. खोट्या तारखेलाही परिणाम दिसला, तर खऱ्या तारखेचा परिणाम प्रबंधात लिहू नका. मुलुंड-ठाण्याची तुलना निवडलीत तर दोन्ही महापालिकांकडे नमुना घेतल्याच्या तारखेसह आकडे मागणारा अर्ज आजच करा, कारण ते मिळायला लागणारा वेळ हा तुमच्या प्रबंधातला सर्वांत मोठा विलंब ठरेल.